पेश मेर्लचा ठिपक्यांचा घोडा आमच्या गॅरेजमध्ये: प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर नंतर कुठल्या दिवशी काय केलं ते काही आठवत नाही. तर प्रकल्प असा आहे की फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत अश्मयुगातल्या माणसांनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्यांच्या दोन घोड्यांपैकी उजवीकडचा घोडा आपल्या गॅरेजमध्ये उभा करायचा, जवळपास मूळ मापात, चुन्याच्या गिलाव्यावर, लाकडी कोळशाने, आणि ब्रश अजिबात नाही, सगळं तोंडाने फवारून. जूनमध्ये आमच्या रविवारच्या मराठी वर्गातली पोरं बघायला येणार आहेत, सध्या सात जण आहेत, त्यांना मी आधीच कबूल करून बसलेय.

हे डोक्यात कसं आलं तर गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघं तुलूझहून गाडीने तिकडे गेलो होतो. काओरच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर सेले नदीच्या खोऱ्यात काब्रेरे नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या वरच्या टेकाडात ही गुहा. १९२२ साली आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र ह्या दोन पोरांनी ती शोधली, एक १६ वर्षांचा आणि दुसरा १५ चा, चिखलातनं सरपटत आत गेले आणि समोर हे सगळं. पोरांना गुहांचा नाद लावला होता गावचे पाद्री लेमोझी यांनी, पुढे चित्रांचा अभ्यासही त्यांनीच केला. १९२६ पासून ती लोकांना बघायला खुली आहे आणि आजही ती काब्रेरे गावाच्या मालकीची आहे, हे मला फार आवडलं, म्हणजे आपल्याकडे गावदेवीचं देऊळ गावाचं असतं तसं.

आत गेल्यावर गाइड बाई घोड्यांसमोर थांबल्या, दिवा सावकाश वाढला आणि लेक (आठ वर्षांची आहे) एकदम म्हणाली, आई, एवढा मोठा ब्रश कुठून आणला असेल त्यांनी? बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं की बराचसा रंग तोंडात धरून भिंतीवर फुंकलेला आहे. परत येताना गाडीत ही मागच्या सीटवर बसून सबंध रस्ता काचेवर फुंकर मारून धुकं करत होती आणि त्यात बोटाने घोडे काढत होती. मला तेव्हाच वाटलं की हे करून बघायलाच पाहिजे, नुसतं वाचून कळणार नाही.

१९ फेब्रुवारी

आठवडाभर फक्त वाचन. ह्या विषयात मिशेल लोर्ब्लांशे ह्या फ्रेंच पुरातत्त्व अभ्यासकांचं काम सगळ्यात महत्त्वाचं. लो भागातल्या, म्हणजे पेश मेर्लच्याच परिसरातल्या, गुहांचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं केला, ऑस्ट्रेलियात आदिवासी लोक तोंडाने रंग फवारतात ते बघितलं होतं, आणि मग जवळच्याच दुसऱ्या एका गुहेच्या भिंतीवर हे दोन्ही घोडे स्वतः तोंडाने फवारून काढले. कोळसा चावायचा, लाळेत आणि पाण्यात कालवायचा, फवारायचा. ठिपक्यांसाठी भोक पाडलेलं चामडं, बाह्यरेषेसाठी आपलाच हात आडवा धरायचा. सगळं मिळून त्यांना ३२ तास लागले. आता त्यांच्याएवढा सराव मला नाही, पण माझा एकच घोडा आहे, तेव्हा २५ तास धरलेत.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. मूळ चित्रात काळ्या रंगात मँगनीज ऑक्साइडही आहे, ते विषारी आहे, ते तोंडात घ्यायचं नाही म्हणजे नाही. फक्त कोळसा. पोरांना दाखवतानाही हे पहिल्यांदा सांगायचं.

माप: दोन घोड्यांचं अख्खं पॅनेल जवळपास ४ मीटरचं आहे, घोडे एकमेकांकडे पाठ करून उभे, मागचे भाग एकावर एक आलेले. माझा तुकडा १.८ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, तेवढीच भिंत मोकळी आहे.

२ मार्च

लाकडी चौकट, त्यावर कोंबड्यांची जाळी, त्यावर चुना-वाळूचा पहिला थर. उजव्या घोड्याची खरी मजा अशी की तिथे खडकाची कडाच मुळात घोड्याच्या तोंडासारखी आहे, नाक, कपाळ, मानेचा उतार, सगळं. चित्रकाराने तो आकार पाहून घोडा तिथे उभा केला पण रंगवलेलं डोकं मात्र एवढंसं, इवलंसं काढलं, दगडाच्या डोक्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणजे माझी भिंत सपाट असून चालणारच नाही. जाळी पकडीने वाकवून वाकवून ती कडा आणली, दुपारचे चार तास त्यातच गेले, बोटं सोलवटली, पण लांबून बघितलं तर घोडा अजून काढलेला नसताना तिथे घोडा दिसतोय. नवरा चहा घेऊन आला आणि न सांगता म्हणाला, हे तोंड ना?

७ मार्च

तडे. सगळीकडे. मानेच्या इथून खाली एक बोटभर लांब नाही, चांगला हातभर तडा गेलाय. हीटर लावून ठेवला होता की लवकर वाळेल, तिथेच चुकलं. पूर्ण थर काढून टाकला.

१६ मार्च

आई बुधवारी आली, तीन महिने आहे. आल्या आल्या गॅरेजमध्ये नेलं तर चष्मा वर करून जाळीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं चुन्याला घाई चालत नाही. आपल्या वाड्याच्या भिंतीला गिलावा केला की तुझे आजोबा ओली पोती टांगायचे आठ-आठ दिवस. वाळवायचा नसतो, मुरवायचा असतो."

मग पोती कुठे मिळणार, जुन्या बेडशीट ओल्या करून टांगल्या. वाळू जास्त घेतली, पाणी कमी, पातळ पातळ दोन थर, आणि दुसऱ्या थराला आईने थापीने न घोटता ओल्या फडक्याने नुसतं टिपून घेतलं, त्यामुळे वरचा पोत दगडासारखा खरखरीत राहिला. मला वाटलं होतं तिला हे सगळं खुळचटपणाचं वाटेल, उलट रोज सकाळी उठून आधी चादरी ओल्या करून येते मग चहा.

हातमोजे घालायला मात्र ऐकत नाही, चुन्याने बोटांची सालं निघाली तरी. शेवटी लेकीने स्वतःचे स्विमिंगच्या बॅगेतले मोजे आणून दिले (ते मोजे पायाचे आहेत) तेव्हा हसत हसत माझे घातले.

२३ मार्च

गिलावा मस्त बसलाय, एकही तडा नाही. आज कोळसा केला. बागेतल्या ओकच्या वाळक्या काटक्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरल्या, झाकणाला एक भोक, आणि डबा शेकोटीत. भोकातनं आधी पांढरा धूर, मग पिवळी ज्योत, ती विझली की झालं. डबा पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर हवा लागून सगळी राख. उघडल्यावर काटक्या तशाच्या तशा, फक्त काळ्या आणि टणटण वाजणाऱ्या.

आईने खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करून दिला. मी चहाच्या गाळणीवर भागवणार होते, ती म्हणाली, तोंडात घ्यायचाय ना तुला, मग औषधासारखा वस्त्रगाळच पाहिजे. मलमलच्या ओढणीतनं गाळल्यावर जी भुकटी पडली ती बोटावर घेतली तर बोटाच्या रेषा भरून जातात, कण लागतच नाही हाताला.

३० मार्च

पहिला प्रयत्न, जाड पुठ्ठ्यावर. पूर्ण फसला.

अर्धा चमचा भुकटी, दोन घोट पाणी, तोंडात घोळवलं. चव काही वाईट नाही, चुलीवरच्या करपलेल्या भाकरीसारखी, पण तोंड इतकं कोरडं पडतं की लाळ सुटेनाच. फुंकलं तर नुसता ओघळ. पुन्हा जोरात फुंकलं तर मधे एक मोठा डाग आणि बाजूला शिंतोडे, पान खाऊन कोणी जिन्यात पिचकारी मारल्यावर दिसतं तसं. पंधरा मिनिटं हेच चाललं, मग डोकं गरगरायला लागलं, फार जोरजोरात श्वास सोडल्यामुळे, म्हणून खाली बसले. दोन स्ट्रॉ काटकोनात धरून, एक भांड्यात आणि एकातून फुंकायचं, तसंही करून बघितलं. फवारा येतो पण भिंतीजवळ तोंड नेता येत नाही आणि रेषेवर ताबा राहात नाही.

६ एप्रिल

मिळालं! आणि ते आईमुळे मिळालं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझं बघत होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तू थुंकतेयस. थुंकायचं नाहीये. आपला परीट आठवतो का, इस्त्री करताना तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रर्र करायचा? तसं कर." आणि स्वतः ग्लासभर पाणी घेतलं, ओठ घट्ट मिटले आणि खिडकीकडे तोंड करून असा फवारा मारला की उन्हात त्याचं धुकं दिसलं.

मला खरंच तो परीट आठवला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर लाकडी टेबल, निखाऱ्यांची इस्त्री, आणि तो न बघता शर्टावर फुर्र करायचा, एक थेंब इकडे तिकडे नाही. म्हणजे जी गोष्ट मी लहानपणी रोज शाळेत जाताना बघितली होती तीच मला इथे परदेशातल्या संशोधकाच्या लेखातनं समजून घ्यावी लागत होती.

फरक असा आहे: हवा छातीतनं नाही, गालातनं सोडायची. ओठ जवळजवळ बंद, थरथरले पाहिजेत. फवारा छोटा, पटकन, अर्ध्या सेकंदाचा, आणि मधे नाकाने श्वास. भिंतीपासून तोंड एक वीत. तोंडात एकावेळी अर्धाच चमचा पाणी. आज संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यावर एकसारखा राखाडी ढग यायला लागला, आणि त्याच जागी आठ-दहा वेळा फवारलं की काळा. थर थर चढत जातो, पेन्सिलने दाट करत नेतो तसा.

१३ एप्रिल

भिंतीवर सुरुवात. पाठीची रेषा.

आतापर्यंत मला वाटायचं की रेषा म्हणजे काढायची गोष्ट. इथे रेषा काढत नाहीत, उरवतात. डावा हात भिंतीला आडवा लावायचा, तळहाताची कड जिथे आहे तिथे फवारायचं, हात उचलला की एका बाजूला एकदम स्वच्छ धारदार कड आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेला काळा धूर. हात चार बोटं पुढे सरकवायचा आणि पुन्हा. घोड्याची पाठ माझ्या तळहाताच्या वळणाने पुढे जाते. जिथे वळण हवं तिथे हाताचा अंगठा वाकवून धरला. मूळ चित्राच्या फोटोत पाठीची कड आणि आतला धूसरपणा बघून मी कितीदा विचार केला होता की हे कसं साधलं असेल, तर ते असं.

दोन तासांत पाठ आणि मानेचा अर्धा भाग. जबडा दुखतोय, ओठांच्या कडा हुळहुळ्या झाल्यात. रात्री जेवताना तिखट लागेना.

२० एप्रिल

मान, आयाळ, छाती, पोट. आयाळ दाट काळी आहे त्यामुळे तिथे वेळ फार गेला. पाय अगदी बारीक, खाली निमुळते होत जातात. डोकं मुद्दाम लहान ठेवलं, लेकीला ते पटेना, तिचं म्हणणं मी चुकले. तिला आपण पुन्हा गुहेत जाऊ तेव्हा बघ असं सांगितलंय.

२७ एप्रिल

आज आईला घेऊन पेश मेर्लला जाऊन आलो. तिकीट आधीच काढून ठेवलं होतं, दिवसाला ७०० च माणसं सोडतात आणि गट करून, गाइडबरोबरच जायचं. फोटो काढायला बंदी. आईला पायऱ्यांची काळजी होती पण हात धरून नीट उतरली. आत १२-१३ अंश तापमान असतं, तिने शाल आणली होती ती बरं झालं.

काय काय बघितलं ते सगळं लिहीत नाही, मॅमथ, बायसन, छतावर ओल्या मातीत बोटांनी ओढलेल्या रेषा, अस्वलाच्या नखांचे ओरखडे, गुहेत तयार झालेले दगडाचे मोती. वरच्या ओकच्या झाडाचं मूळ छतातून खाली येऊन सरळ गुहेच्या जमिनीत गेलंय, आईने त्याला नमस्कार केला.

एके ठिकाणी जमिनीवर पावलांचे ठसे आहेत, मातीत उमटलेले आणि मग कठीण झालेले, फार मोठ्या माणसाचे नाहीत, कोवळ्या वयाच्या मुलाचे. लेक आपला बूट हवेतच त्याच्यावर धरून माप घेत होती, बाई काही बोलल्या नाहीत पण मी तिला मागे ओढलं. १९५२ साली आंद्रे ब्रेताँ हा नावाजलेला कवी इथे आला होता, त्याला चित्रं खरी आहेत का अशी शंका होती, म्हणून त्याने एका मॅमथच्या रेषेला बोट घासून बघितलं आणि रंग बोटाला आला. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. एका बोटाचा प्रश्न होता, पण त्या रेषेवर हजारो वर्षं कोणाचं बोट पडलं नव्हतं, ते एका क्षणात पडलं. मला ह्या गोष्टीचा राग येतो, अजूनही येतो, शंका होती तर विचारायचं होतं.

मग घोडे. मी आता फवारून फवारून आल्यामुळे माझं बघणंच बदललंय. पहिल्यांदा मी घोडा बघितला होता, आज मला दिसत होतं की इथे चित्रकार जवळ वाकला असेल, इथे हात असा धरला असेल, पोटाखाली फवारा कमी पडलाय म्हणजे मान तिरकी करून करावं लागलं असणार, मला तिथेच त्रास होतोय ना. उजव्या घोड्यावरच्या कोळशाचं वय काढलंय, ते साधारण २९ हजार वर्षं येतं. ठिपके अंगावर तर आहेतच पण अंगाबाहेरही पसरलेत, पोटाखाली, पाठीवर. लाल रंगातला एक मासा आहे. आणि भोवती सहा काळे हात, म्हणजे हाताचा आकार मोकळा आणि भोवती काळं.

आई काही वेळ गप्प उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "पोळ्याचा बैल गं." मला एकदम गलबलून आलं. आमच्या खिलारी बैलाच्या पांढऱ्या अंगावर पोळ्याला आम्ही गेरूत बुडवून वाटीच्या बुडाचे ठसे मारायचो, आणि मधे मधे हाताचे पंजे. शिंगांना हिंगूळ आजोबा लावायचे, ठसे मात्र आम्हा पोरांचे. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, पण जिवंत जनावराच्या अंगावर गोल ठिपका आणि आपला पंजा उमटवताना हाताला काय वाटतं ते आम्हाला दोघींना माहितेय.

लेकीने डोकं बघितलं. लहानच आहे असं मान्य केलं.

४ मे

ठिपके चालू. जुन्या लेदर बॅगेचा तुकडा कापून भोक पाडलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, तो भिंतीला दाबून धरायचा आणि भोकातनं फवारायचं. एका ठिपक्याला सात-आठ फवारे. चामडं नीट टेकलं नाही तर कड फुटते, भिंत खरखरीत असल्यामुळे पूर्ण कधी टेकतच नाही, म्हणून प्रत्येक ठिपक्याची एक बाजू जरा धूसर येते. आधी मी ते पुसून परत करत होते. मग मोठा करून मूळ फोटो बघितला, तिथेही कडा सगळ्या सारख्या नाहीयेत, तेव्हापासून सोडून दिलं.

आज ३१ झाले.

११ मे

गॅरेजचं दार बंद करून काम करत होते कारण बाहेर वारा होता, तर अडीच तासांनी भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात हात लावला तो ओलसर. खिडकीच्या काचेवर पाणी. माझ्या एकटीच्या श्वासाचं! कोविडच्या काळात घेतलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा छोटा मीटर कपाटात होता तो काढला, दार उघडून हवा खेळती केली, ५२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५२० भाग). मग दार बंद, फटींना टेप, मी, आई आणि लेक तिघी आत, लेकीला गृहपाठ घेऊन बसवलं. ४५ मिनिटांत १,४८०.

हिशोब सोपा आहे. आपण सोडतो त्या श्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट. शिवाय श्वास उबदार आणि पाण्याने भरलेला. गार खडकाला तो लागला की दव धरतं, त्या पाण्यात हा वायू मिसळून सौम्य आम्ल होतं आणि ते चुनखडी विरघळवतं, आणि पुढे दुसरीकडे पाणी सुकलं की तोच चुना पांढऱ्या पापुद्र्यासारखा चित्रावर बसतो. वर माणसाच्या अंगाची उष्णता, दिव्यांचा उजेड, बुटाबरोबर आलेले जंतू.

फ्रान्समधल्याच लास्को ह्या चित्रांच्या गुहेचं हेच झालं. १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये खुली केली, पुढे दिवसाला हजारावर माणसं, आणि भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरा थर दिसायला लागला, १९६३ मध्ये आंद्रे माल्रो संस्कृतिमंत्री असताना बंद केली ती कायमची. तरीही २००१ मध्ये पांढरी बुरशी, नंतर काळे डाग, म्हणजे एकदा बिघडलेलं आतलं हवामान दार बंद केल्याने परत जाग्यावर येत नाही. शोव्हे ही तशीच दुसरी गुहा १९९४ मध्ये सापडली तेव्हा लोक शहाणे झाले होते, ती लोकांसाठी उघडलीच नाही, जवळ प्रतिकृती बांधली.

मी मीटरकडे बघत विचार करत होते की माझ्या समोरच्या भिंतीवर जे काळं आहे त्यातला कण न् कण माझ्या श्वासाबरोबर तिथे गेलाय, पेश मेर्लमध्येही कोणाच्या तरी तसाच गेला, आणि आता तिथे श्वासाचीच मोजदाद करून माणसं आत सोडावी लागतात. त्या ७०० आकड्याबद्दल ऑक्टोबरात मी कुरकुर केली होती, सुट्टीत तिकीट मिळालं नव्हतं म्हणून. परत करणार नाही.

आता दार उघडं ठेवूनच काम.

२५ मे

पोरांना सांगायचं काय त्याची तयारी. हमखास पहिला प्रश्न येणार की असे ठिपक्यांचे घोडे खरंच असतात का. बरीच वर्षं अभ्यासक म्हणायचे की ठिपके म्हणजे काहीतरी खूण किंवा कल्पना असणार. २०११ मध्ये माणसाळवण्याच्या आधीच्या काळातल्या ३१ घोड्यांच्या हाडांतला डीएनए तपासला, त्यात १८ तपकिरी, ७ काळे, आणि ६ जणांत हा ठिपक्यांचा जनुक सापडला. म्हणजे असे घोडे त्या काळी चरत होते आणि माणसं त्यांना बघत होती. ह्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर घोड्याला रात्री दिसत नाही, हेही सांगायचं, पोरांना आवडेल.

पण मला स्वतःला एवढ्यावर समाधान नाही, कारण अंगाबाहेरचे ठिपके उरतातच. नुसता दिसला तसा घोडा काढायचा असता तर ते तिथे कशाला आले असते? मी ते बाहेरचे ठिपके करताना प्रत्येक वेळी थबकते. अंगावरचा ठिपका चुकला तर कळतं, बाहेरचा कुठे हवा हे हाताला कळतच नाही, फोटो बघून मोजून करावा लागतो.

एकूण ७४ झाले. तास: २९, म्हणजे माझा अंदाज चुकलाच.

८ जून

हात. हे मी शेवटी ठेवलं होतं.

लेकीचा घ्यायचा ठरलं, घोड्याच्या पाठीच्या वर. तिला स्टुलावर उभं केलं, डावा हात भिंतीला, बोटं फाकवून, आणि सांगितलं की हलायचं नाही. मी तोंड तिच्या बोटांपासून वीतभर लांब ठेवून फवारायला लागले. पहिल्या दोन फवाऱ्यांना हसली, गुदगुल्या होतात म्हणाली, गार लागतंय म्हणाली, मग शांत. करंगळी आणि अनामिकेच्या मधे, मग वर, मग अंगठ्याच्या बेचक्यात. इतक्या जवळून मी तिचा हात ती तान्ही होती तेव्हाच बघितला असेन. नखाजवळची सोललेली कातडी, पेनची निळी रेघ, मधल्या बोटावर पेन्सिल धरून आलेला बारीक घट्टा. काळं तिच्या बोटांवर चढत गेलं तसा हात आणि भिंत एकाच रंगाची झाली आणि हात दिसेनासाच झाला, कुठे संपतो तेच कळेना. बाराएक मिनिटं लागली. हाताला मुंग्या आल्या म्हणाली पण काढला नाही.

काढ म्हटल्यावर तिने हात उचलला आणि मागे पांढरा स्वच्छ हात उरला. ती दोन पावलं मागे सरकली, एकदा आपल्या काळ्या हाताकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, आणि म्हणाली, हा इथेच राहणार?

अंगठ्याच्या बाजूची कड धूसर आलीये कारण तिथे तळवा टेकला नव्हता. आईने मग पदर खोचला आणि न बोलता स्वतः स्टुलावर चढायला लागली, तिला खाली उतरवून खालच्या बाजूला जागा दिली. आईचं मधलं बोट वाताने वाकडं झालंय, भिंतीवर ते तसंच वाकडं आलं. ती दोन दिवसांनी जाणार आहे.

१५ जून

पोरं येऊन गेली. सात येणार होती, अकरा आली, भावंडं घेऊन. दिवे घालवले, दिवा खालून तिरका धरला तशी दगडाची कड आणि त्यातला घोडा हळूहळू वर आला, आणि पोरं एकदम चिडीचूप, मग सगळी एकदम बोलायला लागली. एकाने विचारलं की घोड्याचं नाव काय. एका मुलीने विचारलं की थंडीत त्यांच्या तोंडातलं पाणी गोठायचं नाही का, ह्यावर मी विचारच केला नव्हता. पाणी भरून अंगणात सगळ्यांनी परटासारखं फुर्र केलं, कोळसा कोणाच्याही तोंडात दिला नाही, त्यांच्या हातांचे ठसे गेरूचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून काढले.

हात लावू का, असं त्यांनी विचारलं. मी आदल्या रात्रीपर्यंत नाही म्हणायचं ठरवलं होतं. मग वाटलं की तिकडे लावता येत नाही म्हणूनच तर हा केलाय ना. लावा म्हटलं. अकरा जणांनी लावला, एकेकाने, फार हळू, एकाने तर डोळे मिटून दगडाच्या त्या नाकावरनं बोट फिरवलं.

संध्याकाळी बघितलं तर मागच्या पायाजवळचे नऊ ठिपके फिसकटलेत, पोटाखालची रेषा पुसट झालीये. लेकीचा हात शाबूत आहे, तो उंच होता. आईच्या वाकड्या बोटाची एक कड गेली, ती पुन्हा करता येणार नाही कारण आई पोचली घरी. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, राहू दे तसंच, ठिपके तेवढे नीट कर, आणि कोळसा वस्त्रगाळ कर, गाळणीवर भागवू नकोस.

पुढच्या रविवारी नऊ ठिपके. ओढणी धुऊन वाळत घातलीये.